खसखशीएवढा मंगळ

३ जानेवारी १९६२, बुधवार

सगळ्यांच्या आधी आली ती रंभाबाई! पाहुणे अजून एसटीतून उतरायचे होते आणि आमची ही शेजारीण माझ्या चुलीपाशी येऊन बसलेली. म्हणे वाटीभर साखर पाहिजे होती. वाटी मात्र घरीच विसरली. मी म्हटलं, बस आता, साखर नेलीस तर पाहुण्यांच्या चहाला काय घालू.

पाहुणे पिरंगुटचे. तिघं आले – मुलगा नथू, त्याची आई लीलाबाई आणि चुलता कुशाबा. नथू मास्तर आहे. आमची जयाही गावच्या शाळेत पोरं शिकवते. माझ्या हैबतची थोरली लेक, माझी नात. तिला बघायला आले होते.

लीलाबाईंनी रीतीप्रमाणे सगळं केलं. चालून दाखव, केस किती, भाकरी कशाची करतेस. जया म्हणाली, नाचणीचीपण येते, तांदळाचीपण येते, पण नाचणीची जरा चिरते. खरं सांगायची काय गरज होती! मी आतून डोळे वटारले. तिनं बघितलं नाही.

मग नथूनं एकच विचारलं – "लग्न झाल्यावर शाळा सोडणार का?"

तर ही म्हणते, "तुमी सोडणार हाय का?"

हैबतचा चेहरा असा झाला की जणू म्हशीनं दुधाच्या चरवीत पाय घातला. आणि पहिला हसला तो नथू! मग कुशाबा. लीलाबाई हसल्या नाहीत, पण चहा दुसऱ्यांदा मागून घेतला. न आवडलेल्या घरी कुणी दुसऱ्यांदा चहा मागत नाही. जाताना जयाची पत्रिका घेऊन गेल्या.

हात दुखला. जयानं मागल्या वर्षी मोठ्या बायकांचा वर्ग काढला तेव्हापासून माझ्या मागं लागली आहे, रोज चार ओळी लिही, नाहीतर अक्षर मोडेल. आज चार ओळींच्या वर झालं. पण आज दिवसच तसा होता.

७ जानेवारी

पौष लागला. आता महिनाभर सोयरिकीचा शब्द कुणी काढायचा नाही. निरोप नाही.

११ जानेवारी

होकार पौषात येत नाही. नकाराला कसला आलाय पौष!

कुशाबा आला, एकटाच. चहा नको म्हणाला तेव्हाच समजले. त्यांच्या जोशीबुवांनी पत्रिका बघितली. जयाला मंगळ निघाला, सातव्या घरात. पोरगी सोन्यासारखी आहे म्हणाला, नथू दुसरी बघायला तयार नाही म्हणाला, पण वहिनी भ्याली. त्यात पुढल्या महिन्यात आठ ग्रह एका राशीत येणार, जग बुडणार असं जो तो बोलतोय. अशात मंगळाची सून कोण घरात घेईल? एक तोड आहे म्हणे – पोरीचं आधी रुईच्या झाडाशी लग्न लावायचं. मंगळाचा फटका झाडाला, मग नवरदेव मोकळा.

आतून जया म्हणाली, "आदी रुईला तर इचारा."

मला हसू आलं, आणि हैबतला राग. कुशाबा गेल्यावर त्यानं ताम्हिणीपलीकडच्या बिजवराचं नाव काढलं. त्यालाही मंगळ आहे, म्हणून जुळतं. दोन पोरं आहेत. बायको शाळेत गेलेली त्याला चालणार नाही. इकडून काही हललं नाही तर फाल्गुनात तिकडं देऊन टाकू, म्हणाला. "आये, मंगळाची पोर किती दिस घरात ठिवायची?"

जया घागर घेऊन पाण्याला गेली. विहीर अंगणाच्या खाली तर आहे. लई वेळानं आली.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ केले. बायका येऊन गेल्या. जया सगळ्यांशी गोड बोलली, माझ्याशी पण. तेच मला सोसवेना.

दुपारी दोघीच होतो. मी म्हटलं, जये, जन्मभर ऐकते मंगळ मंगळ. अमकीचं लग्न मोडलं, मंगळानं. तमकीचा नवरा गेला, मंगळानं. पण तो आहे तरी केवढा? एवढी थोरली भीती ज्याची, तो काय डोंगराएवढा आहे?

ती एकदम माझ्याकडं बघायला लागली. म्हणाली, आजे, हे मला कुणी आजपर्यंत विचारलं नाही. वर्गातल्या पोरांनी पण नाही. मग आकडे सांगायला लागली – एवढे हजार मैल, तेवढे लाख मैल. मी म्हटलं, थांब बाई, मला धान्यात सांग.

आणि धान्य मला येतं! जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेल्यावर हे घर वर बांधलं, तेव्हा वास्तुशांतीला भटजींनी नऊ ग्रहांच्या नऊ ढिगल्या माझ्याच हातानं घालून घेतल्या होत्या. मी पाटावर तांबडं फडकं घातलं आणि मांडलं. सूर्याचा गहू, चंद्राचे तांदूळ, मंगळाची तूर, बुधाचे मूग, गुरूचा हरभरा, शुक्राचा पावटा, शनीचे तीळ, राहूचे उडीद, केतूचे कुळीथ. म्हटलं, हे बघ, पावटा थोरला, मग हरभरा, शनी सगळ्यांत बारका.

जया हसत सुटली. पदर तोंडात कोंबून हसली. चार दिवसांत पहिल्यांदा! "आजे, सगळं उलटं हाय की गं!" म्हणे शनी तिळाएवढा नाही, सगळ्यांत थोरला गुरू आणि त्याच्या खालोखाल शनीच. सूर्य तर गव्हाचा दाणा नव्हेच नव्हे. राहू-केतू तर नाहीतच, ती नुसती आभाळातली जागा.

मग मला एक सुचलं. मी म्हटलं, ह्यात पृथ्वीचं धान्य कुठलं गं?

तिला येईना. मलाही येईना. भटजींनी सगळ्यांना घातलं आणि जिच्यावर उभं राहून घातलं तिला विसरले.

मी डब्यातून नाचणीचा एक दाणा काढला आणि पाटावर ठेवला. म्हटलं, ही घे तुझी पृथ्वी. आपल्याकडं तीच पिकते. आता हिच्या मापानं बाकीचे मांड.

उडीद आणि कुळीथ उचलून ठेवले. संध्याकाळी कुळथाचं पिठलं केलं. केतू बरा लागला.

१६ जानेवारी

दोन दिवस हाच उद्योग. जया शाळेतून येते, हात धुते की पाट मांडते. पुस्तकात बघते, कागदावर गुणाकार करते आणि मला म्हणते, आजे, एवढं एवढं आण. मी डबे धुंडाळते. सून म्हणते, स्वयंपाक कुणी करायचा?

पृथ्वी नाचणी. शुक्र पण नाचणीच, कणभर बारीक – सख्ख्या बहिणी म्हणे. गुरू म्हणजे टपोरं बोर. शनी त्याहून जरा लहान बोर, पण त्याला कडं असतं, म्हणून मी पायातलं जोडवं काढून त्यात बसवलं. छान शोभला. नवऱ्यानं बघितलं आणि म्हणाले, मी जिता हाय अजून, जोडवी काय काढतीस? मी म्हटलं, शनीला उसनी दिलीत.

पुढं अजून दोन आहेत, पत्रिकेत ज्यांचं नाव पण नाही – ते वाटाण्याएवढे. आणि शेवटी एक इवलासा, त्याला दिसायलाच मारामार.

आणि सूर्य! सूर्य कोहळा. नाचणीपुढं कोहळा! मी जयाला म्हटलं, गुणाकार चुकला असेल. तिनं परत केला. कोहळाच. मग त्याला हळद लावली, सूर्य पांढुरका कसा ठेवायचा?

चंद्राला मात्र वाईट वाटलं मला. रांगोळीचा एक कण! एवढा चांदोबा, पोरंबाळं ज्याला बघून जेवतात, तो रांगोळीचा कण, आणि नाचणीपासून चार बोटांवर. जवळ आहे म्हणून मोठा दिसतो, जया म्हणाली. बायकांतही असं असतं. रंभाबाई शेजारी राहते म्हणून लई मोठी वाटते.

गुरूला पुष्कळ चंद्र आहेत. त्यातला एक तर बुधाहून थोर! बुध खुद्द ग्रह, पत्रिकेत मानानं बसणारा, आणि त्याच्याहून थोरला कुणाच्या तरी मागं मागं फिरतोय. नशीब!

मंगळ राहिला होता. मी मुद्दाम विचारलं नाही. तिनंच खसखशीचा डबा आणला. एक दाणा बोटाला चिकटवून माझ्यासमोर धरला. नाचणीच्या निम्मा.

मी चष्मा लावला, काढला, परत लावला. म्हटलं, हा? ह्या मेल्यासाठी रुईशी लग्न?

१७ जानेवारी

शेळीनं गुरू खाल्ला. दुसरं बोर ठेवलं.

२२ जानेवारी

आज अंतरं मोजली. मोठेपण निराळं आणि लांबपण निराळं, जया म्हणते. कोहळा तुळशीपाशी ठेवला तर नाचणी गोठ्याच्या दारात. मंगळ गोठ्याच्या मागं. गुरू थेट विहिरीवर. शनी रंभाबाईच्या कुंपणाला. तिनं विचारलं, माझ्याच कुंपणाला का? मी म्हटलं, तो आपला आपण गेला.

पत्रिकेत नाव नसलेला दुसरा वाटाणा मारुतीच्या देवळाच्याही पुढं गेला. मी एवढं चालले नाही. पाय दुखतात.

आणि दुसरा सूर्य, म्हणजे सगळ्यांत जवळची चांदणी? मी म्हटलं पौडाला असेल. पुण्याला? जया म्हणाली, काशीला दोनदा जाऊन यावं, तेवढं लांब. तेवढ्या सगळ्या वाटेत काही नाही. नुसतं मोकळं. आणि आमच्यात बांधावरून भांडणं.

२८ जानेवारी

जेवण झाल्यावर अंगणात बसलो. अंधारी रात्र, हवा कोरडी, चांदण्या अशा की सुपात घ्याव्यात.

आमच्या म्हाताऱ्याला नक्षत्रं ठाऊक आहेत, पण पावसाची. मृग पेरणीचा, आर्द्रा लावणीला. जयानं मृगाच्या तिकांड्याशेजारचा, त्या तीन ओळीतल्या चांदण्यांजवळचा तांबूस तारा दाखवला – हीच आर्द्रा. आपल्या कोहळ्याच्या मापानं ती केवढी? आमचं घर, अंगण, गोठा, सगळं तिच्या पोटात! कोहळा तिच्यापुढं नाचणीहून बारका. म्हातारे किती तरी वेळ मान वर करून बसले. मग म्हणाले, "लावणीला इतकी वर्सं हिच्या नावानं हाका मारतोय. एवढी मोठी असंल असं वाटलं न्हवतं. जरा मानानं बोलाया पायजे हुतं."

मग देवयानीकडं बोट केलं. पश्चिमेला अंधुक पुसट डाग दिसतो, पिठाचं बोट पुसल्यासारखा. जया म्हणाली तो तारा नव्हे. आपली सगळी आकाशगंगा म्हणजे अख्ख्या मुळशी-मावळचं भात एका खळ्यावर ओतावं, त्यातला एक दाणा आपला सूर्य. आणि तो डाग म्हणजे शेजारचं खळं. आपल्याहून थोरलं. आणि अशी खळी किती, त्याला मोजमाप नाही.

रंभाबाई म्हणाली, मग आपण म्हंजे काहीच न्हाई की गं.

मला तसं वाटलं नाही. मला वाटलं, बाई गं, एवढी रास! कुणाचं खळं इतकं पिकलेलं आजवर ऐकलं नव्हतं. आणि एवढ्या राशीतून वाट काढून ती खसखस नेमकी आमच्या पोरीच्या सातव्या घरात येऊन बसते? तिला दुसरा उद्योग नाही?

हैबत ओट्यावर होता. सगळं ऐकत होता. उठून आत गेला. जाताना म्हणाला, बिजवराकडचे महिनाअखेरपर्यंत काय ते कळवा म्हणतायत.

आकाशगंगा एकीकडं आणि हैबत एकीकडं.

३ फेब्रुवारी

आठ ग्रह आले एका राशीत. देवळात भजन बसलंय. एसटी रिकामी धावते. रंभाबाई घर पडेल म्हणून अंगणात पथारी टाकून आहे. मी पुरण घातलं. बुडायचंच असलं तर गोड खाऊन बुडावं.

बायका भिऊन आमच्याकडं आल्या, तर जयानं त्यांना नाचणीच्या जागेवर, गोठ्याच्या दारात उभं केलं. म्हणाली, इथनं बघा, आमची विहीर, त्यामागं कुंपण, त्यामागं देऊळ, एका रांगेत दिसतात का? दिसतात. मग ती एकमेकांना चिकटलीत का? नाहीत. ग्रह पण तसेच, इथनं बघितलं म्हणून एका जागी.

बायका पुरणपोळी खाऊन गेल्या. आता रोज कुणी ना कुणी पाट बघायला येतं, म्हणून तो मी उचलतच नाही. सकाळी सडा घालते, कोहळ्याची हळद ताजी करते.

६ फेब्रुवारी

जग जागच्या जागी. म्हैस व्याली.

८ फेब्रुवारी, गुरुवार

हे नीट लिहायला पाहिजे.

जया शाळेत होती. लीलाबाई आणि कुशाबा आले. आधी निरोप नाही, काही नाही. नथू हट्टाला पेटलाय, करीन तर हीच म्हणतो, म्हणून रुईचं तरी ठरवावं असं मनात धरून आल्या होत्या. अंगणात पाऊल टाकलं आणि थांबल्या.

समोर काय, तर पाट, त्यावर तांबडं फडकं, त्यावर दाणे ओळीनं, आणि पलीकडं हळद लावलेला कोहळा. लीलाबाईंनी वहाणा काढल्या. लांबूनच हात जोडले. डोळ्यांत पाणी! म्हणाल्या, "तुळजाबाई, शांत केलीत व्हय पोरीच्या मंगळाची? आवो, मग सांगावा का न्हाई धाडला?"

कुशाबा म्हणाला, मग आता अडलंय कुठं, आज सुपारी फोडूनच जाऊ.

मी हैबतकडं बघितलं. हैबतनं माझ्याकडं. त्याचे डोळे सांगत होते, आये, गप बस. आणि मी गप बसले! खोटं बोलले नाही, पण जिभेवर "व्हय" येऊन बसलं होतं, तिळगुळासारखं. एक शब्द, आणि बिजवर टळला. देवाला काय ते मी नंतर सांगितलं असतं. सून सुपारी आणायला आत वळली पण.

तेवढ्यात जया आली. तिनं एकदा पाटाकडं बघितलं, एकदा लीलाबाईंच्या जोडलेल्या हातांकडं. आणि सगळं समजली.

म्हणाली, "काकू, ही शांत न्हवं. आमी ग्रहांची मापं मांडलीत. माझा मंगळ हाय तसाच हाय."

हैबतनं तोंड फिरवलं. सून दारात सुपारी घेऊन तशीच उभी.

जयानं खसखशीचा दाणा उचलून लीलाबाईंच्या तळहातावर ठेवला. म्हणाली, ही नाचणी म्हणजे सगळी पृथ्वी, आणि हा मंगळ. लीलाबाईंनी हात डोळ्यांजवळ नेला. कुशाबा पण वाकून बघायला लागला, तर त्या म्हणाल्या, "श्वास सोडू नका भावजी, उडंल."

मग हळूच विचारलं, "आन शनी?" त्यांची साडेसाती चालू आहे. त्यातच मालक गेले, असं त्या धरून आहेत. जयानं जोडव्यातलं बोर दाखवलं. एवढं मोठं बघून बाई अजूनच भ्याली. तर जयानं त्यांचा हात धरला, गोठ्याच्या दारात नेलं, नाचणीच्या जागी उभं केलं आणि कुंपणाकडं बोट दाखवलं. शनी तिथं. लीलाबाई म्हणाल्या, चल. आणि दोघी चालत गेल्या, विहिरीवरनं, गुरूवरनं, थेट कुंपणापर्यंत. तिथं रंभाबाई उभीच होती म्हणा. लीलाबाई तिथनं वळून गोठ्याकडं कितीतरी वेळ बघत राहिल्या. नाचणी काय, तिथनं आमची म्हैससुद्धा बोटाएवढी दिसते.

परत आल्या तेव्हा घामेजल्या होत्या. पाणी प्याल्या. मग जयाला म्हणाल्या –

"तू गप ऱ्हाली असतीस तर आज जमलं असतं की गं."

जया म्हणाली, "मग जलमभर गप ऱ्हावं लागलं असतं, काकू."

लीलाबाईंनी वहाणा घातल्या. सुपारीचं नाव काढलं नाही, रुईचंही नाही. निघाल्या. चहा एकदाच घेतला.

९ फेब्रुवारी

हैबत कुणाशी बोलत नाही. जेवताना जयाकडं बघत पण नाही. मी त्याला म्हटलं, पोरीनं खरं सांगितलं. तो म्हणाला, खरं ताम्हिणीपलीकडं घेऊन जाईल आता. बिजवराकडं सोमवारी निरोप धाडतो म्हणाला.

मी पाट उचलला नाही. जया म्हणाली, पुरे झालं आजे, उचल. मी म्हटलं, तू तुझी शाळा बघ.

१० फेब्रुवारी

रंभाबाई साखर घेऊन गेली. वाटी आणली होती.

११ फेब्रुवारी, रविवार

कुशाबा सकाळच्या एसटीनं आला. उभ्या उभ्या बोलला. कुंकू लावायला येतायत, सगळी मिळून, नथू पण. रुई नको, शांत नको, आणि शाळा सोडायची नाही – हे लीलाबाईंनी मुद्दाम सांगायला लावलंय. हैबत ओट्यावरून उठला आणि त्याला चहासाठी आत ओढून घेऊन गेला.

मी विचारलं, कधी येणार?

परवा, मंगळवारी. जोशीबुवा नको नको म्हणत होते, पण वार लीलाबाईंनीच धरला.